ब्लू ड्रीमसारख्या गोड, फळासारख्या वासाच्या हायब्रिड गांजाची वैशिष्ट्यं काय?

ब्लू ड्रीम हे ब्लूबेरी आणि हेझ या वाणांच्या संकरातून आलेलं, कॅलिफोर्नियात नावारूपाला आलेलं वाण. बेरीचा गोडसर वास ब्लूबेरीकडून आला असं मानतात.

हा वास येतो कुठून? फुलाकडे भिंगातून पाहा. बारीक देठांवर टाचणीच्या डोक्यासारखे चमकदार, चिकट थेंब दिसतात. या ग्रंथींतच टीएचसी, म्हणजे नशा आणणारं मुख्य रसायन, तयार होतं आणि टर्पीन नावाची सुगंधी संयुगंही. ब्लू ड्रीममध्ये साधारणपणे मिरसीन हे टर्पीन जास्त असतं, तेच आंब्यातही सापडतं. सोबत थोडं पायनीन, लिमोनीन. पण फळाचा गोडवा निव्वळ टर्पीनचा नाही. अगदी सूक्ष्म प्रमाणातली इतर संयुगं, त्यात गंधकयुक्तही आली, वासाचा सगळा बाज बदलतात. मला या विषयातला हा सर्वांत रंजक भाग वाटतो.

वास गोड म्हणजे नशा सौम्य, असं मात्र अजिबात धरू नका. यात टीएचसी बरेचदा 20 टक्क्यांच्या आसपास असतं आणि सीबीडी, म्हणजे नशा न आणणारं रसायन, नगण्य. त्यामुळे मन प्रसन्न होणं, अंग सैलावणं याबरोबरच तोंड कोरडं पडणं, छातीत धडधड, घबराट हेही होऊ शकतं, नवख्यांना तर विशेष.

‘सॅटिव्हाप्रधान’ (उत्साह देणारा मानला जाणारा गांजाचा प्रकार म्हणजे सॅटिव्हा) या शिक्क्यावरही फार विसंबू नये. इतके संकर झालेत की एकाच नावाखाली विकला जाणारा माल जनुकीयदृष्ट्या वेगळा निघतो. खात्रीचं काही हवं असेल तर त्या खेपेचा प्रयोगशाळेचा अहवाल पाहावा.