पिलाची मस्ती आणि थोरल्या मांजरीची चीड

प्रश्न : आमच्याकडे सहा वर्षांची मांजर आहे. शेतातल्या कोठ्यात सापडलेले अडीच महिन्यांचे पिलू आम्ही नुकतेच घरी आणले. ते सतत तिच्या शेपटीवर झडप घालते, मानेला चावते. ती फिसकारते, पंजा मारते. यात पिलाला इजा होईल काय?
– एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : नख्या आत ओढून मारलेली चापट ही शिकवणच असते. किती जोराने चावायचे, हे पिलू एरवी आई-भावंडांशी खेळताना शिकते; ती संगत लवकर तुटलेल्या पिलाला हा धडा थोरल्या मांजरीकडूनच मिळतो, म्हणून प्रत्येक वेळी मध्ये पडू नये. मात्र कान मागे चपटे झाले, शेपटी फुगली, गुरगुर थांबेना किंवा एकजण ओरडत पळू लागला, तर तो खेळ राहिलेला नाही. अशा वेळी हात न घालता दोघांमध्ये सूप किंवा पुठ्ठा आडवा धरावा.

पिलाची रग आपणच जिरवावी, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पऱ्हाटीच्या काडीला चिंधी बांधून ती जमिनीवरून सरपटत न्यावी, पिलाला दमेपर्यंत झेपावू द्यावे आणि लगेच खाऊ घालावे. बहुतेक पिले त्यानंतर झोपतात. थोरलीसाठी माळ्यावर किंवा धान्याच्या कोठीवर पिलू चढू शकणार नाही अशी जागा ठेवावी, दोघांच्या वाट्याही वेगळ्या असाव्यात. रात्री पिलू निराळ्या खोलीत असावे.

थोरलीने दिवसभर अन्न सोडले किंवा चाव्याची जागा सुजली, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.