डझनाचा दर मान्य, पण दिवसाचा रोज भरतो का?

प्रश्न : मी सोलापूरच्या नीलमनगरात राहते. टॉवेल कारखान्यात मशीनवर कडा शिवते. डझनाला 4 रुपये मिळतात, आठ तासांत 70 डझन होतात. कारखाना आधी अक्कलकोट रोड एमआयडीसीत होता, आठ महिन्यांपूर्वी चिंचोळीला गेला. किमान वेतन मागितलं तर मालक म्हणतात, "तुम्ही डझनावर आहात, तुम्हाला ते लागू नाही. शिवाय चिंचोळी शहराबाहेर आहे." सगळ्यांकडून 'हा दर मला मान्य आहे' अशा कागदावर सह्याही घेतल्या आहेत. आता काही करता येईल का?

उत्तर : ताई, येईल. आधी सहीची भीती मनातून काढा. किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दच ठरतो, मग सही मराठीत असो की कोऱ्या कागदावर. तो कागद उलट तुमच्या उपयोगाचा आहे, कारण तुम्ही तिथे कामाला आहात हे मालकानेच त्यात लिहून दिलं आहे. जमलं तर त्याचा फोटो घेऊन ठेवा.

डझनाचं म्हणणंही टिकणारं नाही. सरकारने तुमच्या कामासाठी नगावरचा दर न ठरवता दिवसाचा किंवा महिन्याचा दर ठरवला असेल, तर डझनावर काम करणाऱ्यालाही त्यापेक्षा कमी देता येत नाही. 70 डझनाचे 280 रुपये होतात. समजा तुमच्या कामाचा रोज 450 रुपये निघाला (हा आकडा केवळ हिशेबासाठी धरला आहे), तर दिवसाला 170 रुपये कमी पडतात. 26 दिवसांचे 4,420 आणि वर्षाचे 53,040 रुपये होतात. सूत आलं नाही किंवा वीज गेली म्हणून मालकाने काम दिलं नाही आणि तुम्ही हजर होतात, तर त्या दिवसाचाही पूर्ण रोज सामान्यतः धरावा लागतो. नापास मालाची कपातही मनाला येईल तशी करता येत नाही. तुमचं म्हणणं ऐकूनच आणि नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती करता येते.

खरा रोज काढताना सगळ्यात जास्त चुका होतात. महाराष्ट्रात तो दोन भागांचा असतो : मूळ दर आणि विशेष भत्ता. भत्ता महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत बदलतो. बरेच जण नुसता मूळ दर मागतात आणि भत्त्याची मोठी रक्कम हातची घालवतात. दर महिन्याचा दिलेला असेल तर 26 ने भागून रोज काढा. पुढे पाहायचं ते तुमचं पद. मशीनवर शिवणाऱ्या बाईला हजेरीवर 'मदतनीस' लिहून अकुशल दर लावला जातो. सरकारने दर जाहीर केलेल्या अधिसूचनेतल्या पदांच्या यादीत तुमचं काम कुठे बसतं ते तपासा. हजेरीवर काय लिहिलंय यापेक्षा तुम्ही करता ते काम धरलं जातं.

चिंचोळी शहराबाहेर आहे, या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. दर ठरवण्यासाठी भागांचे गट पाडलेले असतात, त्यांना परिमंडळ म्हणतात. कामाची जागा कोणत्या परिमंडळात येते त्यावर दर ठरतो, आणि प्रत्येक उद्योगाच्या अधिसूचनेत परिमंडळांची विभागणी वेगळी असू शकते. म्हणून हिशेबाचे दोन तक्ते करा : अक्कलकोट रोडचे महिने वेगळे, चिंचोळीचे वेगळे. चिंचोळीचा दर कमी निघाला तरी 280 रुपये त्याच्याही खाली असतील, तर दावा उभा राहतोच. शिवाय जागा बदलताना डझनाचा दर उतरवला असेल, तर वेतनात असा बदल करण्याआधी 21 दिवसांची सूचना द्यावी लागते.

नीलमनगरातून त्याच घरातली बाई त्याच मशीनवर बसते, गॅस सिलिंडर त्याच भावाने घेते, वर चिंचोळीचं जायचं-यायचं भाडं भरते, आणि तिचाच रोज कमी धरायचा, हे मला अन्यायाचं वाटतं. पण तुमच्या दाव्यात हा मुद्दा घालू नका. दर बदलण्याचा मसुदा राजपत्रात येतो तेव्हा हरकतींसाठी किमान दोन महिने मिळतात. तिथे युनियनने तो लेखी मांडावा.

'परवडत नाही' हेही उत्तर चालत नाही. किमान वेतन देण्याची ऐपत आहे की नाही याला महत्त्व नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1961 सालीच उनिचोयी खटल्यात सांगितलं आहे. किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करवून घेणं ही घटनेच्या अनुच्छेद 23 प्रमाणे वेठबिगारी आहे, असं त्याच न्यायालयाच्या 1982 च्या निकालात म्हटलं आहे.

आता मुदतीचं. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, 2019 हा वेतनाचा नवा कायदा लागू आहे. तिच्यात दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. आधीच्या 1948 च्या कायद्यात ती सहाच महिने होती. त्या तारखेआधीच्या थकबाकीवर मालकाचे वकील मुदतीची हरकत घेणारच. त्या काळाची रक्कम वेगळी दाखवा आणि सोबत विलंबमाफीचा अर्ज जोडा. एका हरकतीपायी सगळा दावा अडकायला नको.

पैसे चुकते केले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे, पण तुम्ही तिथे काम करता हे तुम्हाला दाखवावं लागेल. ईएसआय कार्ड, पीएफचं पासबुक, बँकेत जमा झालेले पैसे, गेटपास, मुकादमाचे व्हॉट्सॲप मेसेज गोळा करा. आजपासून वहीत दररोज लिहा : तारीख, आत-बाहेर पडण्याची वेळ, डझन, मिळालेले पैसे. एकदम बसून लिहिलेली वही उलटतपासणीत लगेच उघडी पडते.

मग सोलापूरच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पोच नसलेली तक्रार दिल्यासारखी धरू नका. वेतनाचे दावे कोणत्या अधिकाऱ्यापुढे चालतात ते तिथेच विचारा. फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार त्यांना आहे, पण ती वरची मर्यादा आहे. तेवढी मिळेल असं धरून कर्ज काढू नका. चार-पाच जणींनी मिळून किंवा नोंदणीकृत युनियनमार्फत दावा केला तर एकटीवर दबाव येत नाही.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात आधार कार्ड घेऊन जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.