नोंदणी आधी की काम आधी?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची आहेत. देशोदेशीच्या संगणक-नेटवर्कांचा मेळ घालण्यासाठी स्वयंसेवकांचे कार्यगट कसे उभे करावेत आणि ते कसे चालवावेत, असा त्यांचा आशय आहे. म्हणून या वेळचे सदर या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : पुण्यातील एका संशोधन संस्थेच्या नेटवर्कची जबाबदारी माझ्याकडे आहे. नेपाळ, श्रीलंका आणि बांगलादेश येथील अशाच संस्थांमधील अभियंत्यांशी माझा कामानिमित्त संपर्क येतो. एखादा मार्ग तुटला तर पलीकडे कोणाला गाठायचे, हे अजूनही केवळ ओळखीवर चालते. म्हणून आम्ही आठ जणांनी कार्यगट स्थापन करण्याचे ठरवले. पण अध्यक्ष कोणत्या देशाचा, नोंदणी कोठे करायची आणि घटना कशी असावी, यावरच तीन बैठका संपल्या. पुढे कसे जावे?

उत्तर : नोंदणी, घटना आणि अध्यक्षपद हे तिन्ही विषय तूर्त बाजूला ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे चार माणसे कामासाठी एकत्र आली की पहिला विचार अध्यक्ष, कार्यवाह आणि खजिनदार यांचा होतो. गणेशोत्सव मंडळापासून गृहनिर्माण संस्थेपर्यंत ही सवय आपल्या अंगी मुरलेली आहे, आणि जेथे वर्गणी किंवा मालमत्ता हाताळायची असते तेथे ती योग्यही आहे. आपल्या गटाला मात्र आज पैसा सांभाळायचा नसून माहितीची देवाणघेवाण करायची आहे, आणि त्यासाठी कोणत्याही देशाच्या कायद्याचा शिक्का लागत नाही.

युरोपातील उदाहरण आपल्या परिस्थितीच्या बरेच जवळचे आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथील अनेक विद्यापीठे आणि प्रयोगशाळा आयपी पद्धतीची, म्हणजे आजचे इंटरनेट ज्या पद्धतीवर चालते त्या पद्धतीची, नेटवर्के चालवू लागल्या होत्या. सरकारे आणि सरकारी दूरसंचार खाती यांचा कल त्या वेळी ओएसआय या वेगळ्या प्रमाणप्रणालीकडे होता, त्यामुळे आयपी नेटवर्कांचा मेळ घालण्याचे काम कोणत्याच अधिकृत संस्थेने आपले मानले नव्हते. तेव्हा ही नेटवर्के प्रत्यक्ष चालवणारे काही अभियंते २२ मे १९८९ रोजी अ‍ॅमस्टरडॅम येथे एकत्र बसले, आणि त्या बैठकीतून ‘राइप’ हा मंच उभा राहिला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी आपल्या कार्यकक्षेचा छोटासा कागद संमत केला. युरोपभर आयपी नेटवर्क चालावे यासाठी आवश्यक तो तांत्रिक आणि प्रशासकीय समन्वय साधणे, एवढेच उद्दिष्ट त्यात होते. शिवाय राइप स्वतः नेटवर्क चालवणार नाही आणि सहभागी नेटवर्कांवरील अधिकार ज्याच्या त्याच्या संस्थेकडेच राहील, असे त्यात स्पष्ट नमूद होते.

माझ्या मते या कागदातील सर्वांत मोलाचा भाग हा शेवटचाच आहे. निरनिराळ्या देशांतील संस्था आपल्या माणसाला अशा गटात जाऊ देतात ते आपला अधिकार कोणी काढून घेणार नाही अशी त्यांना खात्री असते म्हणून. आणि ही खात्री तोंडी देऊन भागत नाही, ती लिहून द्यावी लागते. आपल्या गटानेही आपण काय करणार हे दोन वाक्यांत आणि आपण काय करणार नाही हे चार वाक्यांत लिहावे. नंतर तो कागद प्रत्येकाने आपापल्या वरिष्ठांना दाखवावा.

त्यानंतर एकच काम हाती घ्यावे, आणि ते शक्य तितके रूक्ष असावे. राइपच्या प्रारंभीच्या कामांपैकी एक होते सामायिक माहितीसाठ्याचे. कोणते नेटवर्क कोणाकडे आहे, त्याला कोणते इंटरनेट-पत्ते (संगणक ओळखण्याचे आकडे) दिले आहेत आणि अडचण आल्यास कोणाशी बोलायचे, याची ती नोंदवही होती, आणि आपापली नोंद ज्याने त्याने अद्ययावत ठेवायची होती. आपण वर्णन केलेली अडचण नेमकी हीच आहे. आठ संस्थांची अशी नोंदवही दोन महिन्यांत तयार होऊ शकते, आणि ती एकदा उपयोगी पडली की नवव्या संस्थेला बोलावणे धाडावे लागत नाही.

नोंदणीची वेळ येते, पण ती उशिरा येते. राइपमधील स्वयंसेवकांना काही काळाने उमगले की पत्त्यांचे वाटप आणि माहितीसाठ्याची रोजची देखभाल ही कामे नोकरी सांभाळून, सवडीने होणारी नाहीत. १९९० मध्ये त्यांनी पगारी समन्वय केंद्राचा प्रस्ताव लिहिला आणि एप्रिल १९९२ मध्ये ते केंद्र डॅनियल कॅरेनबर्ग यांच्या नेतृत्वाखाली अ‍ॅमस्टरडॅममध्ये सुरू झाले. प्रारंभी त्याला रेअर या युरोपीय संशोधन-नेटवर्कांच्या संघटनेचे कायदेशीर छत्र होते, आणि त्याची स्वतंत्र नोंदणीकृत संस्था झाली ती १९९७ मध्ये, म्हणजे पहिल्या बैठकीनंतर आठ वर्षांनी. मूळ राइप मंच तर आजही नोंदणीकृत नाही आणि त्याला औपचारिक सदस्यत्वही नाही. जो येतो आणि काम करतो, तो त्यातला.

स्वयंसेवेने सर्व काही होते, असा अर्थ मात्र यातून काढू नये. घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी माणसे विचार करतात, मसुदे लिहितात, वादही मिटवतात. परंतु दर सोमवारी सकाळी नोंदी तपासण्याचे काम त्यांच्याकडून वर्षानुवर्षे होत नाही आणि ते तसे होईल अशी अपेक्षा ठेवणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. माझ्या परिचयातील एक चांगला गट याच कारणाने विस्कटला. इतिवृत्त लिहिणारी एकच व्यक्ती होती. तिची बदली झाली आणि पुढच्या तीन बैठकांत काय ठरले हे कोणालाच खात्रीने सांगता येईना. म्हणून इतिवृत्ताची पाळी पहिल्या दिवसापासून फिरती ठेवावी आणि पगारी मदत मिळाली तर ती प्रथम याच कामाला लावावी.

अध्यक्षपदाचा प्रश्न आपण नाव बदलून सोडवू शकता. दोन निमंत्रक नेमावेत, ते दोन वेगळ्या देशांतील असावेत आणि त्यांची मुदत कार्यकक्षेतच लिहावी. राइपचे पहिले अध्यक्ष, भौतिकशास्त्रज्ञ रॉब ब्लॉक्झाइल, यांनी १९८९ पासून २०१४ पर्यंत, तब्बल पंचवीस वर्षे, हे काम सांभाळले आणि त्यांच्याविषयी त्या समुदायात मोठा आदर होता. तरीही ते निवृत्त होईपर्यंत उत्तराधिकारी निवडण्याची लिखित पद्धतच नव्हती. त्यांनी स्वतः हान्स पेटर होलेन यांचे नाव सुचवले. रीतसर पद्धत त्यानंतर ठरली आणि तिच्यानुसार २०२० मध्ये मिर्याम क्यूने अध्यक्षपदी आल्या. माणूस चांगला लाभला म्हणून पद्धत लिहिणे लांबणीवर टाकणे, ही चूक मी अनेक ठिकाणी पाहिली आहे.

प्रश्न : आमच्या कार्यगटात मतदान घ्यावे की नाही, यावर मतभेद आहेत. एक सहकारी प्रत्येक प्रस्तावाला हरकत घेतात आणि त्यामुळे सर्व विषयांचे घोंगडे भिजत पडते. बहुमताने निर्णय घेण्यात गैर काय आहे? (नागपूर)

उत्तर : मतदानासाठी मतदारयादी लागते, आणि खुल्या गटाकडे ती नसते. बैठकीच्या दिवशी एखाद्या संस्थेने आपली दहा माणसे आणून बसवली तर बहुमत तिचे होईल, आणि तो निर्णय उरलेल्यांनी आपल्या नेटवर्कमध्ये अमलात आणण्याचे काही कारण उरणार नाही. समन्वयाचे निर्णय सक्तीने राबवता येत नाहीत. ते ज्यांना पटले तेच राबवतात, हे ध्यानात घेतले की बहुमताची उपयुक्तता किती मर्यादित आहे ते कळते.

इंटरनेटची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या मंचाने यावर चांगला मार्ग काढला आहे. जानेवारी १९८६ मध्ये सॅन डिएगो येथे तिची पहिली बैठक झाली तेव्हा एकवीस जण हजर होते. आज तिच्या बैठकांना देशोदेशीचे लोक येतात, आणि तरीही तेथे औपचारिक सदस्यत्व नाही आणि मानकांवर मतदानही होत नाही. सभागृहाचा कल जाणून घ्यायचा असेल तेव्हा निमंत्रक उपस्थितांना गुणगुणायला सांगतात. आपल्याकडे गोष्ट ऐकताना मूल हुंकार देते, तसाच हा सामूहिक हुंकार असतो. कोण कोणत्या बाजूला आहे हे त्यातून दिसत नाही, माणसे मोजता येत नाहीत; मात्र एका बाजूचा आवाज दाट आहे की दोन्ही बाजू तुल्यबळ आहेत, हे कानाला कळते. हा कल म्हणजे निर्णय नव्हे. चर्चेची सुरुवात कोठून करावी हे त्यावरून ठरते, आणि जे बैठकीला येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी तोच विषय नंतर लेखी पत्रव्यवहारात पुन्हा मांडला जातो.

आपल्या सहकाऱ्यांच्या बाबतीत याच मंचाच्या २०१४ च्या एका निवेदनातील भेद उपयोगी पडेल. प्रत्येक हरकत मान्य करणे बंधनकारक नाही. प्रत्येक हरकतीचा विचार करून तिला तांत्रिक उत्तर देणे बंधनकारक आहे. एकट्या माणसाची हरकत सबळ असेल आणि तिला कोणाकडेच उत्तर नसेल, तर नव्याण्णव लोक दुसऱ्या बाजूला असूनही सहमती झालेली नसते. उलट पाच जणांच्या हरकतीचे पूर्ण निरसन झाले असेल, तर त्यांची नाराजी कायम असतानाही निमंत्रक सहमती जाहीर करू शकतात. तेव्हा त्या सहकाऱ्यांची प्रत्येक हरकत लिहून घ्यावी, तिच्यासमोर उत्तर लिहावे आणि तीच हरकत नव्या कारणाशिवाय पुन्हा आली तर लिखित उत्तराकडे बोट दाखवावे. यामुळे ते शांत होतील किंवा त्यांचे म्हणणे बरोबर होते असे आपल्याला आढळेल. मी दोन्ही घडताना पाहिले आहे.

भिजत पडलेल्या विषयांसाठी तेथील आणखी एक नियम घेण्याजोगा आहे. कामचलाऊ मसुदा सुमारे सहा महिन्यांत सुधारून पुन्हा सादर झाला नाही तर तो आपोआप कालबाह्य होतो, आणि कार्यगटाचे काम पूर्ण झाले की तो गटही बंद केला जातो.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. परदेशी जाण्याची ऐपत नाही, इंग्रजी बोलण्याचा सराव नाही. अशा गटांत माझ्यासारखीला काही काम असते का? (सांगली)

उत्तर : असते, आणि कधी कधी ते आपल्यासारख्यांवाचून होतच नाही. इंटरनेटवरील नावे देवनागरीसह आपल्या लिप्यांत कशी लिहावीत याचे नियम ठरवण्यासाठी इंटरनेटवरील नावांचा समन्वय पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या छत्राखाली भाषा आणि संगणक या दोन्ही क्षेत्रांतील स्वयंसेवकांचा ‘निओ-ब्राह्मी’ नावाचा गट काम करत होता. ब्राह्मीपासून निघालेल्या नऊ लिप्या त्याच्याकडे होत्या, आणि देवनागरीचा प्रस्ताव त्याने २०१९ मध्ये पूर्ण केला. अशा कामात कोणते प्रश्न येतात ते पाहा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. हा भेद मराठी माणसाला सांगावा लागत नाही, पण केवळ हिंदी लिहिणाऱ्याला हा र वेगळा का हवा हेच समजत नाही. इंटरनेटच्या मूळ क्षेत्रातील नावांत, म्हणजे पत्त्यातील शेवटच्या टिंबानंतरच्या भागात, अदृश्य जोडचिन्हे वापरता येत नाहीत, म्हणून असा र ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलंत जोडून लिहावा लागतो. मराठी जाणणारे कोणी चर्चेत नसेल, तर अशी अक्षरे निसटून जाण्याचा धोका असतो.

सुरुवातीला आपण बोलण्याची घाई करू नये. एक कार्यगट निवडावा, त्याची कार्यकक्षा आणि मागील सहा महिन्यांचा पत्रव्यवहार वाचावा आणि चालू मसुद्यातील एखादा संदिग्ध परिच्छेद शोधून ‘याचा अर्थ असा की तसा?’ एवढेच लेखी विचारावे. मसुदा लिहिणाऱ्यांना असा वाचक फार दुर्मीळ असतो. पत्रव्यवहारातील सहभागाला शुल्क नसते, आणि आयईटीएफच्या बैठकांना दूरस्थ उपस्थितीसाठी शुल्क परवडत नसेल तर सवलत मागता येते. आपल्या प्रदेशातील नेटवर्क चालवणाऱ्यांचा ‘सॅनॉग’ हा मंचही २००३ मध्ये काठमांडूत झालेल्या बैठकीपासून चालत आला आहे. त्याच्या जवळपासच्या बैठकीवर लक्ष ठेवावे.

प्रश्न : आमच्या गटात भारत, जर्मनी आणि अमेरिका येथील लोक आहेत. बैठकीच्या वेळेवरून दर वर्षी मार्च महिन्यात गोंधळ होतो. (सिंगापूरहून एक मराठी वाचक)

उत्तर : अमेरिकेतील बहुतेक भागांत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात आणि युरोपात शेवटच्या रविवारी; भारतात आणि सिंगापुरात ती बदलतच नाहीत. त्यामुळे मधले दोन किंवा तीन आठवडे नेहमीचे गणित चुकते. बैठकीची वेळ नेहमी यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहावी आणि प्रत्येकाने ती आपल्या घड्याळात उतरवून घ्यावी. तरीही एकाच वेळी भारतातील संध्याकाळ, जर्मनीतील दुपार आणि कॅलिफोर्नियातील पहाट जुळवायची म्हणजे कोणाची तरी झोप मोडणार. ती दर वेळी त्याच माणसाची मोडू नये, म्हणून वेळा पाळीने बदलाव्यात आणि बैठकीत मांडलेला प्रस्ताव अनुपस्थितांच्या उत्तरासाठी किमान दोन आठवडे खुला ठेवावा.