चॅसिस नंबर स्वच्छ, पण टायरचं काय?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहते. तिने जुनी एसयूव्ही घेतली आहे. तिच्या ऑफिसातल्या एकीला टायर कंपनीचं पत्र आलं, की तुमचे टायर सदोष आहेत, फुकट बदलून देतो. मुलीच्या गाडीलाही त्याच कंपनीचे टायर आहेत. तिने सरकारी वेबसाइटवर चॅसिस नंबर घातला, तर रिकॉल (दोषामुळे कंपनीने माल परत मागवणं) नाही असं आलं. मग निश्चिंत राहायचं ना? आपल्याकडे अशी सोय आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. चॅसिस नंबरवरून गाडीचे रिकॉल कळतात, टायरचे नाही. एनएचटीएसए या तिथल्या सरकारी संस्थेच्या त्याच वेबसाइटवर टायरचा शोध वेगळा घ्यावा लागतो, कंपनी आणि मॉडेलचं नाव घालून. आणि पत्राची वाट तर बघूच नका. बदललेले टायर कोणाकडे गेले, हे दुकानात नोंदणी झाली असेल तरच कंपनीला समजतं. जुन्या मालकाने टायर घातले असतील, तर पत्र त्याच्या पत्त्यावर जाणार.

मुलीला सांगा, टायरच्या बाजूवर 'डीओटी' या अक्षरांपुढचा पूर्ण नंबर वाच. शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. ३४१९ असेल तर २०१९चा ३४वा आठवडा. बऱ्याच टायरवर पूर्ण नंबर एकाच बाजूला असतो आणि नेमकी ती बाजू आत गेलेली असते. मग बॅटरी घेऊन खाली वाकायचं, नाहीतर गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढवून बघायचं. स्टेपनीसकट पाचही टायर बघायचे. चार टायर तपासून स्टेपनी विसरणारे मी दुकानात रोज बघायचो. रिकॉलच्या यादीत ठरावीक आठवड्यांचा माल असतो, त्यामुळे एकाच गाडीवर दोन टायर यादीतले आणि दोन बाहेरचे, असंही होतं.

नंबर यादीत निघाला तर हायवेवर गाडी काढायची नाही, सामान आणि माणसं भरायची नाहीत, लगेच डीलरला फोन. नक्षी भरपूर शिल्लक आहे म्हणून थांबायचं नाही, दोष आत असतो. फुकट बदलून मिळण्याला मुदत असते, तीही विचारून घ्यायची. स्वतःच्या पैशाने आधीच बदलले असतील तर बिल जपून ठेवायला सांगा, खर्च परत मागता येतो. काढलेले टायर मात्र कोणालाही वापरायला देऊ नयेत.

मी एवढं बजावतो, कारण याच टेक्सासच्या उन्हात लोक गेले आहेत. ९ ऑगस्ट २००० रोजी फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. बरेचसे फोर्ड एक्सप्लोररवर होते. आतल्या पोलादी पट्ट्यांपासून वरचं रबर वेगात सोलून निघायचं आणि गाडी उलटायची. हवा कमी, ऊन कडक आणि ओझं जास्त असलं की धोका आणखी वाढायचा. अमेरिकेत २७०हून अधिक माणसं त्यात दगावली. त्यानंतर त्याच वर्षी तिथे कडक कायदा झाला. डॅशबोर्डवर हवा कमी झाल्याचा पिवळा दिवा लागतो, तोही त्याच कायद्यातून आला.

असं रबर सुटायच्या आधी बहुधा खूण देतं. स्टिअरिंग थरथरतं, एका चाकाचा धपधप आवाज येतो, नक्षीवर एका जागी उंचवटा दिसतो. लोक चाकाचं बॅलन्सिंग बिघडलंय असं समजून रिमला वजनं मारून घेतात आणि तसेच लांबच्या प्रवासाला निघतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. चाक आधी उतरवून बघा.

आपल्याकडे २०१९च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यात रिकॉल आला आणि १ एप्रिल २०२१पासून त्याचे नियम लागू झाले. ते ७ वर्षांच्या आतल्या वाहनांसाठी आहेत. दोषाची तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते, ती जरूर करा, कारण सरकार किती तक्रारी आल्या ते बघून चौकशी लावतं. दुकानातून सुटे टायर घेताना बिलावर प्रत्येक टायरचा नंबर लिहून घ्या. दुकानदार कंटाळा करील, तरी लिहून झाल्याशिवाय पैसे देऊ नका.