मैत्रीण गेली, पण तिच्या नवऱ्यासमोर मला रडायचा हक्क आहे का?

प्रश्न: ताई, माझी कॉलेजपासूनची मैत्रीण गेल्या महिन्यात गेली. मोटर न्यूरॉन डिसीज होता, सहा वर्षं. आधी हात गेले, मग पाय, मग बोलणं, शेवटी श्वास. तिच्या नवऱ्यानं नोकरी सोडून सगळं केलं. शेवटच्या वर्षात मी तिच्याकडे फार कमी गेले, बघवायचं नाही. ती गेल्याचं कळलं तेव्हा मनात पहिलं आलं, 'सुटली.' त्याची अजून लाज वाटते. परवा ते मला एवढंच म्हणाले, "रात्री दर दोन तासांनी जाग येते आणि करायला काहीच नसतं." काही दिवसांनी आम्ही तिच्या आठवणींसाठी जमणार आहोत. त्यांच्याबद्दल मी दोन शब्द बोलावेत असं सगळ्यांचं म्हणणं आहे. त्यांच्या दुःखापुढे माझं दुःख ते काय? आणि त्यांच्याविषयी मी बोलू तरी काय?
– एक मैत्रीण

प्रिय मैत्रिणी,

तुमचं दुःख तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी ठेवलंत, तेही प्रश्नचिन्ह लावून. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. मैत्रीण गेली की रजा मिळत नाही, भेटायला लोक येत नाहीत, आठवड्याभरानं कुणी विचारतही नाही. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकानं १९८९ मध्ये अशाच दुःखांवर लिहिलं: ज्यांना समाज दुःख म्हणून मोजतच नाही, आणि मग ज्याचं त्याला ते लपवावं लागतं. तुमचं तेच चाललंय. पण तुमचं दुःख त्यांच्या दुःखातून वजा होत नाही. त्यांची बायको गेली, तुमची मैत्रीण गेली. तुम्ही रडलात म्हणून त्यांच्या वाट्याचं काही कमी होणार नाही.

'सुटली' हे मनात आलं, त्यात लाज वाटण्यासारखं मला काहीच दिसत नाही. हा आजार माणसाचे स्नायू एकेक करून काढून घेतो आणि बहुतेक वेळा जाणीव मात्र शाबूत ठेवतो. स्पर्श कळतो, वेदना कळतात, पुष्कळांची विचारशक्तीही शेवटपर्यंत टिकते. हे सहा वर्षं पाहिलेल्या माणसाला तिचं सुटणं जाणवणारच. तुम्ही तिच्यासाठी दुःख करायला फार आधी सुरुवात केली होती. कदाचित तिचा आवाज गेला त्याच दिवशी.

न गेल्याचं मात्र मी पुसून टाकणार नाही. ते तुम्हाला खुपतंय आणि खुपावं, कारण ती तुमची होती. त्यांना एकदा साध्या शब्दांत सांगा: "शेवटी शेवटी मी यायला हवं होतं. मला झेपलं नाही." बस. माफी मागत बसू नका आणि त्यावर त्यांच्यापुढे हमसून रडूही नका. सहा वर्षं त्या माणसानं दुसऱ्याला सांभाळलंय, आता तुमची समजूत घालायचं काम त्यांच्यावर नको. तिच्या आठवणीनं डोळे भरले तर खुशाल भरू द्या, ते वेगळं. त्यांच्याजवळ आजारपणातली ती आहे, गच्च भरलेली. भांडणारी, परीक्षेच्या आदल्या रात्री गप्पा मारत बसणारी, त्यांना भेटण्याआधीची ती तुमच्याजवळ आहे. ती त्यांना हवी आहे, मागता येत नसेल एवढंच. तिचे किस्से सांगा. हसू आलं तर दोघं हसा.

आता त्यांच्याबद्दल. ते जे वाक्य बोलले ते तुम्ही नीट ऐकलंत का? दर दोन तासांनी जाग येते, कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दोन-दोन तासांनी कूस बदलावी लागते. शिवाय रात्री श्वासाच्या मशीनचा मास्क सरकला की तो बसवायचा, लाळ घशात अडकली की सक्शननं काढायची, गिळता येईना की नळीतून भरवायचं. बोलणं गेल्यावर या आजारात डोळ्यांची हालचाल बहुधा उरते, मग अक्षरांच्या तक्त्यावर तिची नजर कुठे थांबते ते पाहून शब्द जुळवायचे. हे सगळं परिचारिकेचं कौशल्य आहे, आणि त्यांना ते घरात, घाबरत घाबरत, कुणी न शिकवता शिकावं लागलं असणार. ती गेली, पण त्यांचं शरीर अजून पाळीवर आहे. तिच्याबरोबर त्यांचं रात्रंदिवसाचं कामही गेलं, आणि त्या कामातच त्यांचं प्रेम ओतलेलं होतं.

म्हणून त्या दिवशी त्यांना 'देवमाणूस' म्हणू नका, कळकळीनं सांगते. 'पुरुष असून केवढं केलं' हे तर नकोच नको. बायकोची सेवा नवऱ्यानं केली यात नवल वाटावं, हा तिचाही अपमान आहे आणि त्यांचाही. शिवाय देव्हाऱ्यात बसवलेल्या माणसाला दमायची मुभा राहत नाही. ते कधी तिच्यावर चिडले असतील, बाथरूमचं दार लावून बसले असतील, 'आता पुरे' असंही मनात आलं असेल. हे त्यांना कधीतरी कुणाजवळ तरी बोलायचं असेल, आणि आपण त्यांना संत करून ठेवलं तर ते कुणाजवळच बोलता येणार नाही.

त्यापेक्षा जे पाहिलंत तेच सांगा. तो तक्ता, त्या रात्री. ते तिच्याविषयी तिच्यासमोर दुसऱ्याशी न बोलता तिलाच विचारत असत का? असतील तर ते नक्की सांगा, आजाऱ्याला त्याहून मोठा मान नाही. तीन-चार मिनिटं पुरेत.

आणि मुख्य मान सभा संपल्यावर द्या. 'काही लागलं तर सांगा' म्हणू नका, असे लोक सांगत नाहीत. दिवस ठरवा आणि जा. मशीन, पलंग, उरलेली औषधं घराबाहेर न्यायला मदत हवी का विचारा, पण घाई तुम्ही करू नका. काहींना ती खोली लगेच मोकळी हवी असते, काहींना वर्षभर नको असते. त्यांची स्वतःची तपासणी किती वर्षं राहिलीय ते विचारा आणि सोबत जा. १९९९ मध्ये अमेरिकेत वयस्क जोडप्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जोडीदाराची काळजी घेताना ज्यांच्यावर ताण आला होता, त्यांचा चार वर्षांतला मृत्यूचा धोका अशी काळजी न घेणाऱ्यांपेक्षा ६३ टक्के जास्त आढळला. तेव्हा रक्तदाब, साखर, पाठ, झोप यांतलं काही 'नंतर बघू' वर टाकू देऊ नका. सहा महिने उलटूनही ते दिवसाला तोंडच देऊ शकत नसतील, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. जगण्यात अर्थ नाही असं काही बोलले, तर सहा दिवसही थांबू नका.

भाषण लिहून झालं की आधी त्यांना वाचून दाखवा. आजारपणातलं काही तिला चारचौघांत सांगितलेलं आवडलं नसतं, ते त्यांनाच ठाऊक. ते म्हणतील ती वाक्यं खोडा, कारण विचारू नका.

– तुमची ताई