छोटी ऑटोमॅटिक सेडान: एएमटी की सीव्हीटी?

प्रश्न: मी रोज बोरिवलीहून अंधेरीला गाडीने जाते. क्लच दाबून दाबून डावा गुडघा धरतो. डिझायर एएमटी घ्यावी की अमेझ सीव्हीटी?

उत्तर: ताई, तुमच्या वापराला मी अमेझच सांगेन. एएमटीत गिअरबॉक्स नेहमीचाच असतो, फक्त क्लच आणि गिअरचं काम यंत्र करतं. त्यामुळे पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी क्षणभर रेंगाळते, मान किंचित पुढे झुकते. मोकळ्या रस्त्यावर याचं काही वाटत नाही. गोरेगावच्या कोंडीत मात्र सारखं जाणवतं. सीव्हीटीत पुली आणि पट्टा, गिअरच्या पायऱ्याच नाहीत, म्हणून गाडी सलग सरकते. एकदम जोरात दाबलंत तर इंजिन आधी ओरडतं, वेग मागून येतो, एवढंच.

खर्चात डिझायर सरस, हे मान्य. कंपन्यांच्या आकड्यांनुसार ती लिटरला २५.७१ किमी देते, अमेझ १९.४६. पण गुडघा तर दोन्हींत सुटतो, मग मानेला रोजचे हिसके कशाला?

डिझायरच घेतलीत, तर फ्लायओव्हरच्या चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, क्लच तापतो. ब्रेक दाबून ठेवा. टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी सातची मागा, रविवार सकाळची नको.