तालमीत चष्मा कुठं ठेवायचा?

प्रश्न : ताई, मी १९ वर्षांचा, गाव कागल तालुक्यात, गेली तीन वर्षं कोल्हापुरात तालमीत राहून कुस्ती करतोय. नववीत चष्मा लागला. आता उजव्या डोळ्याला मायनस २.७५ आणि डाव्याला ३.२५ आहे, डाव्याचा सिलिंडर नंबर गेल्या वर्षी पाऊण होता तो ह्या वेळी पावणेदोन निघाला. आखाड्यात उतरताना चष्मा काढून खुंटीवरच्या कपड्यांत ठेवतो, आतापर्यंत दोनदा खाली पडून पायाखाली गेला आणि काडी मोडली. लढताना समोरचा दिसतो पण वस्ताद कडेला उभं राहून खूण करतात ती दिसत नाही. जोडीदार म्हणतो लेन्स लाव, थोरला भाऊ म्हणतो पैसे मी देतो, लेसर करून टाक. आई म्हणते लेसरनं डोळा भाजतोय, बदाम खा आणि डोळ्यात गाईचं तूप घाल. काय करू? अजून एक, माती गेली की डोळ्यांना लई खाज सुटते, रात्री झोपताना चोळत बसतो, त्यावर एखादा थेंब असला तर सांगा.

उत्तर : पैलवान, तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि मी जिथं अडकले ती गोष्ट तू अगदी शेवटी, जाता जाता लिहिलीयस. तू डोळे चोळतोस, आणि वर्षात एका डोळ्याचा सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर, एकनं चढलाय. ह्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की मी लेन्स, लेसर सगळं बाजूला ठेवते आणि आधी कॉर्नियाचा स्कॅन करून आण म्हणून सांगते.

कॉर्निया म्हणजे बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक भाग असतो तो. जाडी किती, तर मधोमध साधारण अर्धा मिलिमीटर. काही पोरांचा हा भाग सोळा-सतरा ते पंचविशीच्या दरम्यान मध्ये पातळ व्हायला लागतो आणि पुढं टोकासारखा फुगतो, त्याला केराटोकोनस म्हणतात. ॲलर्जीची खाज आणि त्यापायी सतत डोळे चोळणं हे त्याला खतपाणी. सुरुवातीला दुखत नाही, लाल होत नाही, फक्त तिरका नंबर वाढत जातो आणि नवीन चष्मा करूनही पाहिजे तसं स्वच्छ दिसत नाही, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याला शेपूट फुटल्यासारखं दिसतं. आज रात्री एक डोळा झाकून, चष्मा लावून, लांबच्या दिव्याकडं बघ आणि मग दुसऱ्या डोळ्यानं बघ. दिव्याला सावली किंवा जोड दिसली तर लगेच जा, पण नाही दिसली तरी स्कॅन कर, कारण सुरुवातीचं हे घरबसल्या कळत नाही.

स्कॅनला टोपोग्राफी म्हणतात, बऱ्याच ठिकाणी पेंटाकॅम नावाचं मशीन असतं. हनुवटी टेकवायची, दिव्याकडं बघायचं, काही मिनिटांत झालं, दुखत काही नाही. तुझा रिपोर्ट साफ निघू शकतो, निघावा असंच मला वाटतंय. पण जर तसलं काही निघालं आणि स्कॅन न करताच कुणी लेसर केलं असतं तर आधीच पातळ असलेला कॉर्निया अजून पातळ केल्यासारखं झालं असतं, आणि त्यानंतर नजर वर्षावर्षाला खालीच जाते. लवकर सापडलं तर त्याला उपाय आहे, व्हिटॅमिन बी-टूचे थेंब घालून वरून अतिनील प्रकाश देतात, त्यानं कॉर्निया घट्ट होतो आणि वाढ थांबवता येते, दवाखान्यात ह्याला सी थ्री आर म्हणतात. म्हणून म्हणते, भावाचे पैसे आधी ह्या स्कॅनवर खर्च होऊ देत.

खाजेचं काय करायचं ते आता ऐक. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं थेंब आणू नकोस. दोन दिवसांत खाज गायब करणारे बरेच थेंब स्टेरॉइडचे असतात, बरं वाटतं म्हणून पोरं महिनोन्‌महिने घालत राहतात आणि आत डोळ्याचा दाब वाढत जातो, त्यातनं काचबिंदू होतो, मोतीबिंदूही लवकर येतो. विशीतल्या पोराचा मोतीबिंदू बघितला की जीव तुटतो. सीपीआर ह्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात किंवा जवळच्या डोळ्याच्या डॉक्टरांना दाखव, ॲलर्जीचे वेगळे थेंब मिळतात. तोवर लढून झाल्यावर आधी हात साबणानं धू, मग डोळे मिटून तोंड धू, आणि खाज आली की गार पाण्यात पिळलेला स्वच्छ रुमाल मिटल्या डोळ्यांवर पाच मिनिटं ठेव. बोटाच्या पेरानं चोळायचं मात्र आजपासून बंद, झोपेत हात जात असेल तर शेजारी झोपणाऱ्याला सांगून ठेव.

आता समज स्कॅन साफ निघाला. मग पुढचं.

लेन्स लावून लाल मातीत उतरायचं नाही, ह्यावर मी कुणाशी तडजोड करत नाही. तुला ती माती माझ्यापेक्षा जास्त माहितीय, तिच्यात हळद, तेल, ताक, लिंबू पडतं, अंगाला चांगलं असेल, पण लेन्सच्या खाली कण गेला की तो कॉर्नियावर कागदानं घासल्यासारखा घासतो, आणि मातीतली बुरशी त्या ओरखड्यातनं आत शिरते. शेतकऱ्यांना उसाचं पान लागून डोळ्यात फूल पडतं ते असंच. मॅटवरच्या कुस्तीला मात्र रोज नवीन लावून रोज फेकायची लेन्स चालेल, साबणानं हात धुऊन घालायची, झाल्या झाल्या काढून टाकायची, आणि लेन्स घालून झोपायचं नाही, दुपारची डुलकीसुद्धा नाही. तुझा सिलिंडर आता जास्त आहे, त्यामुळं टोरिक, म्हणजे सिलिंडर नंबरवाली लेन्स लागेल, ती डोळ्यावर नीट बसते का ते बघूनच घे.

लेसर १९ व्या वर्षी कायद्यानं अडत नाही, अठरा पूर्ण झाली की करतात, पण नंबर किमान वर्षभर जागचा हललेला नसावा लागतो आणि तुझा तर आत्ताच हललाय. म्हणजे ह्या वर्षी नाहीच. पुढं करशील तेव्हा भावाला एक सांग, सगळे लेसर सारखे नसतात. लॅसिकमध्ये कॉर्नियाची वरची पातळ चकती झाकणासारखी उचलतात, खाली लेसर मारतात आणि झाकण परत बसवतात. ते बसतं, पण पहिल्यासारखं एकजीव कधीच होत नाही, वर्षांनंतरही डोळ्यावर जोरात मार बसून ते सरकल्याच्या केसेस आहेत. ज्याच्या तोंडावर रोज कोपर आणि डोकं आदळतं त्यानं झाकणवालं लेसर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पीआरकेमध्ये झाकण नसतं, वरची साल काढून थेट लेसर मारतात, ती साल चार-पाच दिवसांत परत येते. ते दिवस दुखतं, पाणी येतं, उजेड सोसत नाही आणि नजर बसायला काही आठवडे जातात, पण कुस्तीवाल्याला तेच बरं. स्माइल नावाचा तिसरा प्रकार आहे, त्यात बारीक चिरेतनं आतली चकती काढतात, झाकण त्यातही नसतं. कुठलंही केलंस तरी महिनाभर तरी आखाडा बंद, पुढं डॉक्टर म्हणतील तसं. आणि तू पोलीस, सैन्य, रेल्वे कुठल्या भरतीची तयारी करत असशील तर लेसरच्या आधी त्या जाहिरातीतले मेडिकलचे नियम वाच, रेल्वेच्या लोको पायलटच्या भरतीत लेसर केलेली पोरं चालत नाहीत.

आईला सांग, डोळा भाजत नाही. ह्या लेसरचा किरण इतका लहान लहरीचा असतो की तो रेणूंचे जोडच तोडतो, आजूबाजूला उष्णता जाऊ देत नाही. मद्रासला जन्मलेले रंगास्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत होते, त्यांनी १९८१ साली सणाच्या जेवणातलं उरलेलं टर्कीचं मांस नेऊन त्यावर हा लेसर चालवून बघितला, स्वच्छ कापलं आणि कडेला जराही करपलं नाही, तिथनं ह्याची सुरुवात झाली. बदाम खा, तालमीत थंडाई असतेच, पण तुझा नंबर आलाय तो डोळ्याची लांबी वाढल्यामुळं, बदामानं ती कमी होत नाही. तूप मात्र डोळ्यात घालायचं नाही, मध नाही, गुलाबपाणी नाही.

आणि तोवर चष्माच. तुझ्या नंबरला साधारण एका फुटापर्यंत स्वच्छ दिसतं, म्हणून पकडीत अडचण येत नाही आणि वस्तादांची खूण दिसत नाही. त्यांना सरळ सांग, खूण नको, ओरडून सांगा, ते समजून घेतील. पॉलिकार्बोनेटच्या काचा घे, पडल्या तरी फुटून डोळ्यात जात नाहीत, आणि चष्मा कपड्यांत नाही, कडक घरात घालून खुंटीलाच दोरीनं अडकव. जुना नंबरवाला चष्मा टाकून देऊ नकोस, अडीनडीला उपयोगी येतो.

प्रश्न : मी २६ वर्षांची, बँकेत नोकरी. दोन्ही डोळ्यांना मायनस ५. कॉलेजपासून महिन्याच्या लेन्स वापरते, सकाळी सातला घातल्या की रात्री दहालाच काढते, सोल्युशन संपलं की कधीकधी नळाच्या पाण्यानं धुते. हल्ली संध्याकाळी डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. डिसेंबरात लग्न आहे, त्याआधी लेसर करून घ्यावं असं घरचे म्हणतायत, सासरी चष्म्याचं काही बोललेलो नाही.

उत्तर : नळाचं पाणी आजपासून बंद, अगदी ह्या क्षणापासून, आणि पाण्यात भिजलेली डबी पण फेकून दे. पाण्यात अकँथअमीबा नावाचा जीव असतो, लेन्सवर चिकटून तो कॉर्नियात शिरतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडं एक मुलगी आली होती, उजेड सोसत नव्हता म्हणून माझ्या चष्म्याच्या दुकानात भर दुपारी ओढणी तोंडावर घेऊन कोपऱ्यात बसली होती, लेन्स घरी माठातल्या पाण्यात ठेवायची. मी नंबर काढायला हातच लावला नाही, सरळ कॉर्नियाच्या डॉक्टरांकडं पाठवली. सुरुवातीला दिवसरात्र तासातासाला थेंब, मग कित्येक महिने औषध, आणि डोळा वाचला तरी मधोमध पांढरा डाग राहिला. ती पण तुझ्यासारखीच हुशार, नोकरी करणारी.

दिवसाचे पंधरा तास खूप होतात. घरी आल्या आल्या लेन्स काढ आणि चष्मा घाल. तुझ्याकडं नीट नंबरचा चष्मा नसणार असा माझा अंदाज आहे, बऱ्याच लेन्सवाल्यांकडं नसतो, तो आधी कर. मायनस ५ ला पातळ काच घेतली आणि फ्रेम लहान निवडली की कडा जाड दिसत नाहीत.

लेसरचं म्हणशील तर तपासणीच्या आधी किमान दोन आठवडे लेन्स पूर्ण बंद ठेवाव्या लागतात, कारण लेन्सनं कॉर्नियाचा आकार बदललेला असतो आणि माप चुकतं. मग कोरडेपणा तपासतील. लेसरनंतर काही महिने डोळे अजून कोरडे पडतात, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, तुझे तर आत्ताच चुरचुरतायत, म्हणजे आधी ते बरं करून मगच. लग्नाच्या आधी किमान तीन महिने हातात असतील तर कर, नाहीतर लग्नानंतर सावकाश कर, हळदीच्या दिवशी डोळ्यात थेंब घालत बसायची वेळ येऊ नये. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना लेसर करत नाहीत, नंबरही तेव्हा हलू शकतो, हा हिशोब दोघांनी मिळून करा. पेपरातल्या जाहिरातीत आकड्यापुढं बारीक अक्षरात ‘पासून’ लिहिलेलं असतं, तुला जे लेसर लागेल त्याचा पूर्ण आकडा, तपासणी आणि नंतरच्या थेंबांसकट, लिहून माग.

आणि लेसर झालं तरी मायनस ५ चा डोळा आतून लांबच राहतो, आतला पडदा, म्हणजे रेटिना, ताणलेलाच असतो. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासायचा, आणि अचानक विजेसारखं चमकलं, काळे ठिपके वाढले किंवा कडेनं पडदा ओढल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

सासरी सांगून टाक. चष्मा काही लपवायचा आजार नाही, आणि ज्या घरात रात्री दहानंतर चष्मा घालून निवांत बसता येणार नाही तिथं तू लेन्स घालून झोपायला लागशील, मला खरी भीती त्याची आहे.

प्रश्न : मी ४६ वर्षांचा शिक्षक. लांबचं उत्तम दिसतं, वाचायला दीडचा चष्मा लागलाय. तो लेसरनं जातो का?

उत्तर : सर, चाळिशीनंतर डोळ्याच्या आतली नैसर्गिक लेन्स ताठर होते आणि जवळ फोकस करू शकत नाही, लेसर काम करतं बाहेरच्या कॉर्नियावर. एक डोळा जवळचा, एक लांबचा असं करून देतात, पण तुमचं लांबचं इतकं चांगलं असताना ते बिघडवून घ्यावं असं मला वाटत नाही, शिवाय हा नंबर अजून काही वर्षं वाढतच जाणार. वाचायचा चष्मा करा, एक घरी आणि एक शाळेत ठेवा. नंबर काढायला येताना तपासायचे पेपर सोबत आणा, तुम्ही ते ज्या अंतरावर धरता तिथलाच नंबर काढू.